कच्चे की पक्के? : चित्रे ओळखणाऱ्या यंत्रपद्धतींचा आढावा

कयाधूच्या काठावरचे नरसी हे हिंगोली जिल्ह्यातले गाव संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंपरेप्रमाणे १२७० साली, कार्तिक शुद्ध एकादशीला नामदेवांचा जन्म झाला. पंढरीची वारी करून आलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नरसीत जमतात. त्यांच्यातल्या लहानथोरांना माहीत असलेली एक कथा आहे. संतांचा मेळा बसला असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारले, की यांतली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे शांत बसले, नामदेव मात्र कळवळले. काकांनी निवाडा दिला, हे मडके कच्चे. तो निवाडा जिव्हारी लागलेले नामदेव पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि तिथे त्यांना गुरू भेटला.

ही कथा अध्यात्माची आहे, पण तिच्या पोटात कुंभाराची विद्या आहे. मडक्यावर टिचकी मारावी, आवाज ऐकावा आणि भाजणी झाली की राहिली ते सांगावे. हा कान पुस्तकाने तयार होत नाही. हजारो मडकी हाताखालून गेली, प्रत्येकाचे पुढे काय झाले ते पाहिले, की तो येतो. आज ‘मशीन लर्निंग’ म्हणजे यंत्रशिक्षण या नावाखाली जे चालते त्याचा गाभा हाच आहे. नियम सांगायचे नाहीत, नमुने दाखवायचे. प्रत्येक नमुन्यासोबत त्याचे नाव सांगायचे आणि यंत्राला आपला कान, आपला डोळा घडवू द्यायचा.

योगायोग असा, की ज्या औंढ्याला नामदेव गेले त्याच औंढा तालुक्यात, दुधाळा गावच्या शिवारात, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह अंतिम मान्यता दिली. तिथेही प्रश्न थापटण्याचाच असणार आहे. आवाज आला, तो कशाचा? हा प्रश्न चित्र पाहून सोडवण्याच्या कोणकोणत्या पद्धती आहेत, त्या एकमेकींच्या तुलनेत कशा ठरल्या आणि आपल्या जिल्ह्याने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

आवाजाचे चित्र का काढायचे?

लायगोची रचना इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी असते. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकांना टांगलेले आरसे आणि मधून धावणारा लेसर. गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली की या भुजांच्या लांबीत फरक पडतो, आणि तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असू शकतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या दोन लायगो यंत्रांनी अशी पहिली लहर पकडली. सव्वाशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेली दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. यंत्रात दिसलेला तो संदेश जेमतेम एक पंचमांश सेकंदाचा होता.

इतका नाजूक कान असला की त्याला नको तेही ऐकू येते. आगगाडीची धडधड, वारा, समुद्राच्या लाटांनी हलणारी जमीन, विजेच्या तारांची गुणगुण, यंत्रातल्याच एखाद्या सुट्या भागाचा खडखडाट, या सगळ्यांचे क्षणिक ठसके नोंदीत उमटतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘ग्लिच’ म्हणतात. हॅनफर्डला २०१७ मध्ये अशाच एका ग्लिचचा माग काढता काढता शास्त्रज्ञ बाहेरच्या पाइपापर्यंत पोचले. थंडगार नायट्रोजनच्या पाइपावर साचलेल्या बर्फाला तहानलेले डोमकावळे चोची मारत होते आणि ती टोचणी विश्वाच्या हादऱ्यांसोबत नोंदली जात होती.

ग्लिच नुसता त्रास देत नाही, तो खरा संदेशही झाकतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर आली, तेव्हा लिव्हिंगस्टनच्या नोंदीत नेमक्या त्याच वेळी, मिलनाच्या सुमारे एक सेकंद आधी, एक जोरदार ग्लिच आला. स्वयंचलित यंत्रणेने सुरुवातीला फक्त हॅनफर्डचाच संदेश कळवला. माणसांनी लिव्हिंगस्टनचे चित्र उघडून पाहिले तेव्हा ग्लिचच्या आडून वर चढत गेलेली लहरीची रेघ स्पष्ट दिसली.

त्यांनी उघडलेले चित्र म्हणजे स्पेक्ट्रोग्राम. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर कंपनसंख्या आणि रंगाच्या तेजातून आवाजाचा जोर. असे चित्र काढले की प्रत्येक ग्लिचला चेहरा येतो. एखादा अश्रूच्या थेंबासारखा, एखादा कमानीसारखा, एखादा सरळ रेघेसारखा. आवाज ओळखण्याचा प्रश्न अशा रीतीने चित्र ओळखण्याचा होतो, आणि गेल्या सत्तर वर्षांत चित्रे ओळखण्यासाठी जे जे उपाय निघाले ते सगळे इथे लावून पाहता येतात.

पहिली पिढी: शेजारी, सीमारेषा आणि झाडे

सगळ्यात जुनी आणि समजायला सोपी पद्धत ‘जवळच्या शेजाऱ्यां’ची. तिची मांडणी १९५१ पासूनची आहे. नवे चित्र आले की साठ्यातल्या सगळ्या चित्रांशी ताडून पाहायचे, सर्वांत जवळची पाच-सात निवडायची आणि त्यांच्यात ज्या नावाला बहुमत ते नाव नव्या चित्राला द्यायचे. शिकवणी अशी काही नाहीच, आहे ती नुसती आठवण. साठा वाढला की शोध मंदावतो, आणि चित्र जरा सरकले, फिरले की ‘जवळ’ या शब्दाचा अर्थच बिघडतो.

दुसरी पद्धत सीमारेषेची. दोन गटांच्या मधून अशी रेषा काढायची की दोन्हीकडच्या सर्वांत जवळच्या बिंदूंपासून ती शक्य तितकी लांब राहील. शेताचा बांध घालताना दोन्ही वावरांना सारखी मोकळीक ठेवावी, तसेच. कॉर्टेस आणि वापनिक यांनी १९९५ मध्ये मांडलेली ‘सपोर्ट व्हेक्टर मशीन’ ती हीच. नमुने शे-दोनशेच असले तरी ती प्रामाणिक काम करते, हा तिचा मोठा गुण.

तिसरी पद्धत झाडांची. ‘आकार लांबट आहे का? कंपनसंख्या शंभराच्या खाली आहे का?’ असे प्रश्न विचारत फांद्या फोडत जाणारे एक झाड सहज चुकते. पण थोडे थोडे वेगळे नमुने आणि वेगळे प्रश्न देऊन शेकडो झाडे वाढवली आणि सगळ्यांचा कौल घेतला, तर चुका एकमेकींना खोडतात. लिओ ब्रायमन यांनी २००१ मध्ये तिला ‘रँडम फॉरेस्ट’ हे नाव देऊन आजचे रूप दिले.

या तिन्ही पद्धतींची एक अट आहे. चित्र जसेच्या तसे त्यांच्या पुढ्यात टाकून फारसे साधत नाही. आधी माणसाने चित्रातून गुण काढून द्यावे लागतात. कड कुठे आहे, जोर किती, किती वेळ टिकला, कोणत्या पट्ट्यात आला. गुण निवडणारा जाणता असेल तर पद्धत चमकते, नसेल तर आंधळी होते.

या पिढीच्या तुलनेत एक निष्कर्ष फार बोलका आहे. राहुल बिस्वास आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लायगोच्या साहाय्यक संवेदकांच्या नोंदींवर कृत्रिम न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या धर्तीवर जोडलेले गणिती जाळे), सपोर्ट व्हेक्टर मशीन आणि रँडम फॉरेस्ट या तिघांना ग्लिच ओळखण्याच्या एकाच कामाला लावले. तिघांची कामगिरी जवळजवळ सारखी निघाली. तीन अगदी भिन्न कुळांच्या पद्धती एकाच उंचीवर येऊन थांबतात, तेव्हा ती उंची पद्धतीने ठरवलेली नसते, पुढ्यात ठेवलेल्या माहितीने ठरवलेली असते. विहिरीला पाणीच तेवढे असेल तर मोट बदलून काय होणार?

आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेने या प्रश्नात आरंभापासून हात घातला आहे. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे गोंगाटातून ठरावीक आकाराची लहर शोधून काढण्याच्या गणितावरचे मूलभूत काम १९९१ चे. ग्लिचांच्या वर्गीकरणावर तिथल्याच निखिल मुकुंद, संजीत मित्रा आणि सहकाऱ्यांचे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी वेव्हलेट या गणिती चाळणीने ग्लिचचे गुण काढले आणि निनान सजीत फिलिप यांनी विकसित केलेल्या, बेजच्या संभाव्यता-नियमावर चालणाऱ्या नेटवर्ककडे निवाड्यासाठी दिले. जाणत्या माणसाने गुण निवडायचे आणि यंत्राने तोलायचे, या परंपरेचे हे चांगले उदाहरण आहे.

दुसरी पिढी: गुणही यंत्रानेच शोधायचे

कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क, थोडक्यात सीएनएन, हिने ती अटच काढून टाकली. तिचे काम असे चालते. एक छोटी चौकोनी खिडकी चित्रभर फिरवायची आणि तिला एकच आकार शोधायला लावायचा. पहिल्या थरातल्या खिडक्या आडव्या-उभ्या कडा शोधतात. त्यांच्या उत्तरांवर दुसरा थर कोपरे आणि वळणे शोधतो, तिसरा त्यांतून कमान, थेंब, शेपटी असे भाग जुळवतो. कोणत्या खिडकीने काय शोधायचे हे कोणी सांगत नाही. उत्तर चुकले की चूक उलट्या दिशेने थराथरांतून मागे नेली जाते आणि प्रत्येक खिडकी किंचित दुरुस्त होते. हे लाखो वेळा झाले की डोळा तयार होतो.

यान लकुन यांच्या गटाने १९९८ मध्ये हाताने लिहिलेल्या आकड्यांवर जी तुलना मांडली, ती आजही वाचण्याजोगी आहे. शिकवायला ६०,००० आणि परीक्षेला १०,००० चित्रे. साधी सरळ सीमारेषा शंभरात सुमारे १२ चुका करी, जवळचे शेजारी सुमारे ५, आणि सीएनएन साधारण १. पण सपोर्ट व्हेक्टर मशीनही एकच्या आसपास पोचली होती. म्हणूनच पुढची दहा-बारा वर्षे बहुतेकांना सीएनएनची गरज पटली नाही. तिला लागणारी गणनाशक्ती महाग होती आणि फरक थोडा होता.

फरक पडला तो चित्रे अवघड झाल्यावर. फेई-फेई ली यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये तयार झालेल्या ‘इमेजनेट’ संग्रहावर दरवर्षी स्पर्धा होऊ लागली. हजार प्रकार आणि सुमारे १२ लाख छायाचित्रे. २०१२ मध्ये टोरांटोच्या क्रिझेव्हस्की, सुत्स्केवर आणि हिंटन यांच्या सीएनएनने पहिल्या पाच अंदाजांतही उत्तर न येण्याचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाचे २६.२ टक्के होते. २०१५ मध्ये ‘रेझनेट’ या सीएनएनने ते ३.५७ टक्के केले. त्या तीन वर्षांत हाताने गुण काढण्याची विद्या या मैदानातून बाजूला पडली.

ग्लिचांच्या बाबतीत हीच वाट ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ या प्रकल्पाने घेतली. तो २०१६ मध्ये सुरू झाला. त्याने प्रत्येक ग्लिचची चार चित्रे काढली, अर्ध्या, एका, दोन आणि चार सेकंदांच्या खिडकीतून. यामागे अनुभव आहे. ‘ब्लिप’ नावाचा ग्लिच क्षणात येऊन जातो, त्याचा थेंबासारखा आकार छोट्या खिडकीतच दिसतो. विखुरलेल्या प्रकाशाचा ग्लिच कमानीमागून कमानी काढत जातो, त्याला मोठी खिडकी हवी. चारही चित्रे एकत्र पाहणारी सीएनएन एकेकटे चित्र पाहणारीपेक्षा सरस ठरली आणि जुन्या पद्धतींनाही तिने मागे टाकले. रात्झानो आणि क्वोको यांनी २०१८ मध्ये कृत्रिमरीत्या तयार केलेल्या ग्लिचांवर तुलना केली, तेव्हाही अनेक थरांची सीएनएन सरळ सीमारेषेच्या आणि उथळ नेटवर्कच्या पुढे राहिली.

उसनी घेतलेली नजर

सीएनएनला भरपूर नमुने लागतात आणि ग्लिचांचे नाव लिहिलेले नमुने होते सुमारे आठ हजार. जॉर्ज, शेन आणि उर्टा यांनी २०१८ मध्ये यावर उपाय केला. इमेजनेटवर, म्हणजे कुत्री, मोटारी, फुले यांच्या लाखो छायाचित्रांवर आधीच शिकलेली नेटवर्क त्यांनी घेतली आणि ग्लिचांच्या चित्रांवर थोडीच शिकवणी दिली. अचूकता ९८.८ टक्क्यांवर गेली. याला ट्रान्सफर लर्निंग म्हणतात.

कुत्र्यामांजरांवर शिकलेल्याचा ग्लिच ओळखायला काय उपयोग? पहिल्या काही थरांत जी कड, वळण, पोत ओळखण्याची नजर तयार होते ती कोणत्याही चित्राला चालते. मृदंगावर हात बसलेल्या माणसाला तबला नव्याने पहिल्यापासून शिकावा लागत नाही, तसेच हे आहे. ज्यांच्याकडे थोडे नमुने आणि साधा संगणक आहे, अशा लहान गावांतल्या कॉलेजांसाठी ही पद्धत फार मोलाची आहे.

२०२० पासून ‘ट्रान्सफॉर्मर’ पद्धतीही चित्रांत आल्या. त्या चित्राचे चौकोनी तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा दुसऱ्या प्रत्येकाशी संबंध लावतात. त्यांना सुरुवातीलाच अफाट साठा लागतो. साठा मध्यम असला तर त्या सीएनएनच्या मागे पडतात, हे त्या मांडणाऱ्यांनीच नोंदवले आहे. हजारांत मोजायच्या संग्रहासाठी सुरुवातीपासून त्यांना शिकवण्याचा हट्ट धरू नये.

तुलना कशी बिघडते

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग उत्तर मिळाले, सीएनएन घ्यावी आणि मोकळे व्हावे. पण टक्केवारीचा आकडा जितका ठसठशीत तितका तो नीट तपासून घ्यावा लागतो. तीन खड्डे नेहमीचे आहेत.

पहिला पेपर फुटण्याचा. ज्या चित्रांवर शिकवले त्यांच्यावरच परीक्षा घेतली तर सगळेच पहिले येतात. म्हणून परीक्षेची चित्रे वेगळी काढून कुलपात ठेवावी लागतात. तेवढ्यानेही भागत नाही. एकाच पानाचे पाच फोटो काढले आणि चार शिकवणीत, एक परीक्षेत गेला, तर तोही फुटलेलाच पेपर.

दुसरा विषम संख्येचा. शंभर चित्रांत पंच्याण्णव एकाच प्रकारची असतील, तर प्रत्येक वेळी डोळे मिटून तेच नाव घेणारे यंत्र ९५ टक्के अचूक ठरते आणि उरलेल्या पाचांतले एकही ओळखत नाही. ग्लिचांत हे रोजचे आहे. काही प्रकार ढिगाने मिळतात, काही बोटांवर मोजण्याइतके. म्हणून एकूण टक्केवारीऐवजी कोणत्या प्रकाराची किती वेळा कोणाशी गल्लत झाली, याचा पूर्ण तक्ता मागावा. दोन पद्धतींची खरी तुलना त्या तक्त्यात दिसते.

तिसरा खड्डा सर्वांत खोल आहे, तो पार्श्वभूमीचा. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम असे यंत्र शिकवले, की शिकवणीतल्या प्रत्येक लांडग्याच्या फोटोत बर्फ होता आणि कुत्र्यांच्या फोटोंत नव्हता. यंत्र लांडगा शिकलेच नाही, बर्फ शिकले. असे झाले आहे हे कळण्यासाठी यंत्राने निवाडा देताना चित्राचा कोणता भाग पाहिला, ते रंगवून दाखवणाऱ्या पद्धती आता आहेत. त्या वापरल्याशिवाय कोणत्याही यंत्राला पास करू नये.

शेतातला धडा

या तिसऱ्या खड्ड्याची किंमत हिंगोलीच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. वसमत, कळमनुरी, औंढा हा हळदीचा पट्टा आहे आणि बाकी शिवार सोयाबीनचे. हळदीच्या पानावर करपा आला का, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला का, हे मोबाईलच्या फोटोवरून सांगणारे ॲप असावे, ही मागणी रास्त आहे. याच कामाचा पाया म्हणून ओळखला जाणारा अभ्यास मोहंती, ह्यूझ आणि सलाते यांचा, २०१६ चा. ‘प्लँटव्हिलेज’ संग्रहातली पानांची ५४,३०६ चित्रे, १४ पिके आणि २६ रोग. सीएनएनची अचूकता आली ९९.३५ टक्के.

तेच यंत्र त्यांनी मग दुसरीकडून मिळवलेल्या, वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर लावले. अचूकता उतरली ३१.४ टक्क्यांवर. ही गोष्ट लपवली नाही, स्वतःच छापली, म्हणून त्या संशोधकांचे आभारच मानले पाहिजेत. संग्रहातली पाने तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. वावरातले पान उन्हात चमकते, सावलीत काळवंडते, त्यावर चिखल उडालेला असतो आणि मागे दुसरी दहा पाने असतात.

९९ आणि ३१ यांमधले हे अंतर कोणत्याही दोन पद्धतींमधल्या अंतराहून मोठे आहे. सीमारेषा की झाडे, सीएनएन की ट्रान्सफॉर्मर, या वादात आपण दोन-चार टक्क्यांसाठी भांडतो. नमुने आपल्या मातीतले आहेत की नाहीत, यावर अडुसष्ट टक्के ठरतात.

औंढ्याचा गोंगाट औंढ्याचाच

लायगो-इंडियाच्या बाबतीत हेच घडू शकते, आणि ते आधी सांगता येते. ग्रॅव्हिटी स्पायच्या पहिल्या यादीत बावीस नावे होती. त्यांत ‘पॉवर लाइन’ हा एक प्रकार, वीजपुरवठ्याच्या गुणगुणीचा. अमेरिकेत विजेची सेकंदाला ६० आवर्तने होतात, म्हणून ती रेघ ६० हर्ट्झला उमटते. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. आणि त्याच यादीत ५० हर्ट्झच्या आसपास जाड रेघ काढणारा दुसराच एक प्रकार आहे, हॅनफर्डच्या एअर कॉम्प्रेसरचा. अमेरिकेत शिकलेले यंत्र जसेच्या तसे दुधाळ्यात बसवले, तर महावितरणच्या लाईटीची गुणगुण त्याला कॉम्प्रेसर वाटण्याची मोठी शक्यता आहे. यंत्र खात्रीने बोलेल आणि चुकीचे बोलेल.

गोंगाटाचे बाकीचे कारखानेही इथले निराळे आहेत. लिव्हिंगस्टनच्या जमिनीत समुद्राच्या लाटांची थरथर पोचते, औंढा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. उलट आपल्याकडे जमिनीतून येणारे आवाज लोकांच्या परिचयाचे आहेत. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात भूगर्भातून गूढ आवाज येण्याच्या तक्रारी अनेक वर्षांच्या आहेत आणि २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा भूकंप नोंदला गेला. त्यावर पावसाळ्यातला विजांचा कडकडाट, रात्रीच्या थ्री फेजवर एकदम चालू होणारे कृषिपंप, बोअरची गाडी, हळदीचे पॉलिशचे ड्रम, सुगीतले मळणीयंत्र. यांतले काय आरशापर्यंत पोचेल आणि कोणता आकार घेईल हे यंत्र सुरू झाल्यावरच कळेल. अमेरिकेच्या यादीत त्यांची नावे असण्याचे कारणच नाही.

यादी तिथेही पुरली नाही. ‘पेअर्ड डव्ह्ज’, म्हणजे जोडीने बसलेले पारवे, हा प्रकार शास्त्रज्ञांना आधी ठाऊक नव्हता. ग्रॅव्हिटी स्पायसाठी घरी बसून चित्रे पाहणाऱ्या स्वयंसेवकांनी तो वेगळा काढला. नंतरच्या एका निरीक्षणफेरीत लिव्हिंगस्टनला मुकुटासारखी दिसणारी नवीच चित्रे शेकड्यांनी येऊ लागली. जुन्या यंत्राकडे त्यांना नाव नव्हते, ते त्यांना जुन्याच नावांत कोंबत होते. २०२१ मध्ये सिद्धार्थ सोनी आणि सहकाऱ्यांनी यादीत दोन नवे प्रकार घातले आणि यंत्राला पुन्हा शिकवले. माणसांच्या वावराने जमीन हलते, त्याच्याशी त्या मुकुटाचे नाते निघाले.

यातून पद्धतींच्या तुलनेला एक निकष जोडला पाहिजे, जो टक्केवारीत बसत नाही. ‘यांपैकी काहीच नाही’ असे म्हणण्याची यंत्राची तयारी किती? ग्रॅव्हिटी स्पायच्या यादीत तो रकाना आहे. जवळच्या शेजाऱ्यांची जुनी पद्धत इथे एका बाबतीत प्रामाणिक आहे, सर्वांत जवळचा शेजारीही फार लांब असेल तर ते तिला दिसते. सीएनएन मात्र कधी न पाहिलेल्या चित्रालाही ठामपणे एखादे नाव देऊन मोकळी होते. नव्या ठिकाणी, नव्या यंत्रावर, न ओळखलेले वेगळे काढून माणसापुढे ठेवणारी पद्धत दोन टक्के कमी अचूक असली तरी ती अधिक शहाणी.

निवाडा

सर्व पद्धती शेजारी शेजारी ठेवल्यावर माझे मत असे. नमुने शंभरांत असतील तर जाणत्या माणसाने गुण निवडून द्यावेत आणि सपोर्ट व्हेक्टर मशीन किंवा रँडम फॉरेस्ट वापरावे. त्यात कमीपणा नाही. नमुने हजारांत गेले की आधीच शिकलेली सीएनएन घेऊन तिला आपल्या चित्रांवर वळवावी. आज बहुतेक कामांसाठी हाच मध्यम मार्ग सर्वांत किफायतशीर आहे. लाखांच्या घरात पोचल्यावरच ट्रान्सफॉर्मरकडे पाहावे. आणि कोणतीही पद्धत घेतली तरी परीक्षा दुसऱ्या हंगामातल्या, दुसऱ्या शिवारातल्या चित्रांवर घ्यावी.

पण श्रम, पैसा आणि बुद्धी यांचा मोठा वाटा पद्धतीवर खर्च न करता नमुन्यांवर खर्च करावा. नाव लिहिलेला, तपासलेला, आपल्या जागेचा संग्रह हेच खरे भांडवल. पद्धत दर चार वर्षांनी बदलते, चांगला संग्रह पिढीभर टिकतो.

वर्गीकरण हे शेवटचे पाऊल नाही, हेही लक्षात असू द्यावे. विखुरलेल्या प्रकाशाच्या कमानी नीट वेगळ्या काढता आल्या म्हणून त्यांचे मूळ सापडले. २०२० च्या जानेवारीत आरशाची आणि त्याच्यामागच्या टांगणीची हालचाल एकमेकींशी जुळवून घेण्याचा उपाय केला गेला आणि त्या ग्लिचांचे प्रमाण घटले. नाव दिले, कारण शोधले, दुरुस्ती केली. या तिसऱ्या पायरीपर्यंत जे पोचत नाही ते नुसते बारसे.

गोरोबाकाकांच्या निवाड्यानंतर नामदेवांची कथा संपली नाही, तिथून ती औंढ्याकडे वळली, म्हणूनच ती कथा सांगितली जाते. आता औंढ्यात नवा कान बसतो आहे. हिंगोली, वसमत, सेनगाव, कळमनुरीच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे, की त्याची वाट पाहत बसू नका. ग्रॅव्हिटी स्पायची चित्रे कोणालाही संगणकावर पाहता येतात, त्यांवर डोळा तयार करा. आपल्या गावच्या पंपाचा, ड्रमचा, विजेचा आवाज मोबाईलवर घ्या, त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढा, त्यावर तारीख, जागा आणि कारण लिहून ठेवा. दुधाळ्याचा आरसा हलू लागेल त्या दिवशी जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेकडे नसलेला संग्रह हिंगोली जिल्ह्याकडे असला पाहिजे, आणि त्यातल्या ग्लिचांची पहिली नावे मराठीत असली पाहिजेत.